कवाची बसून राह्यली

मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो. काही राग तर गेलेच नाहीत, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. त्यातला एक नागपूरच्या इंग्रजीच्या क्लासातला आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चंद्रपूरला दवाखान्यात नर्स होते. घर भद्रावतीला, बाबा कोळशाच्या खाणीत. विलायतेत नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी इंग्रजीच्या परीक्षेवर लटकलेली. लिहायचं, वाचायचं, टेपवरचं ऐकायचं आणि शेवटी गोऱ्या माणसासमोर बसून बोलायचं. नापास झाले की जागा दुसरीला, पुन्हा संधी नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्या वस्तीत ही हौसेची गोष्ट नव्हती. घराघरात ज्यांचा निळ्या कोटातला फोटो लावलेला होता ते तिथं शिकून आले होते. त्यामुळे मी निघायच्या आधीच अर्धी वस्ती मनानं माझ्याबरोबर निघाली होती.

सुट्टीच्या दिवशी एसटीनं नागपूरला जायचं, क्लास करून परत यायचं. क्लासचे सर पुण्याकडचे. इंग्रजी चांगलं शिकवायचे, ते मी नाकारत नाही. पहिल्याच दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मले हे समजलं नाई."

क्लास खदखदून हसला. सर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "आधी 'मला' म्हणायला शिका. जिला मराठी धड येत नाही तिला इंग्रजी काय येणार?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मले म्हणजे मलाच की! त्यात न कळण्यासारखं काय होतं? आणि 'मला' म्हणता येत नव्हतं असंही नाही. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांपुढे मी दिवसभर 'मला, तुम्हाला' करतच होते. पण त्या दिवसापासून त्या क्लासात मी मुद्दाम, ठासून 'मले' म्हणायला लागले. मुली मला चिडवायच्या, "काय करून राह्यली?" मी म्हणायची, "शिकून राह्यली. तुमी?" सर कपाळाला हात लावायचे. "राह्यली, राह्यली! अहो, कुठे राह्यली? करते आहे म्हणा!"

एका गोष्टीत मात्र मी खरंच अडले होते. 'मी दोन वर्षांपासून काम करते आहे' हे इंग्रजीत सांगताना मी दर वेळी 'आय ॲम वर्किंग' लिहायची आणि दर वेळी त्यावर लाल रेघ यायची. तिथं 'हॅव बीन' हवं. का हवं, ते काही केल्या डोक्यात शिरेना. सर म्हणायचे, पाठ करा. पाठ केलेलं बोलायची वेळ आली की पळून जायचं.

परीक्षा जवळ आली तेव्हा एक दिवस घरी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते. डोकं बधिर झालेलं. माय सरपण घेऊन आली, भारा खाली टाकला आणि ओरडली, "कवाची बसून राह्यली वं? जेवत काऊन नाई?"

"सकाळची बसून राह्यली," मी म्हणाले, आणि माझेच शब्द माझ्या कानात अडकले. बसले ते सकाळी. आणि राह्यली, ती अजून इथंच. हॅव बीन सिटिंग! मी एकटीच मोठ्यानं हसायला लागले.

"काय झालं वं तुले?"

"माय, मले इंग्रजी समजलं."

"मंग आता जेव," ती म्हणाली.

परीक्षा मुंबईला होती. लेखी आणि टेपचा भाग आदल्या दिवशीच झाला. तोंडीसाठी मला सकाळीच बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. दुपार झाली तरी माझी पाळी काही येईना. पाठ केलेले छंद, आवडता सण, सगळं एकेक करून विसरत होते. शेवटी एक पांढऱ्या केसांच्या इंग्रज बाई दार उघडून बाहेर आल्या, माफी मागितली आणि विचारलं, किती वेळ थांबला आहात?

"आय हॅव बीन सिटिंग हिअर सिन्स मॉर्निंग," मी म्हणाले. विचार न करता. मायच्या अंगणातून उचलून आणल्यासारखं.

आत गेल्यावर त्यांनी विचारलं, कोणकोणत्या भाषा येतात? मी म्हणाले, इंग्रजी, हिंदी आणि दोन मराठी. दोन कशा? मग काय, भीती गेली उडत. मी त्यांना एक क्लासातली मराठी आणि एक आमची मराठी समजावत बसले. छंदांपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

मी पास झाले.

जायच्या आधी सरांचा निरोप आला. नव्या मुलांना चार शब्द सांगा. गेले तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'आपल्या क्लासचा अभिमान'. मी मनात म्हटलं, बरं! फळ्यासमोर उभी राहिले आणि सुरुवात केली, "मी तुमाले आज सांगून राह्यली..."

सर बाजूनं हळूच म्हणाले, "शुद्ध मराठीत. जरा शुद्ध मराठीत."

मी त्यांच्याकडे वळले. "सर, मी इंग्रजीत पास झाली. आता मले मराठीत कोन नापास करते?"

कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक सावळी मुलगी उठली, गडचिरोलीकडची असावी. क्लास सुरू होऊन महिना झाला होता, पण ती कधी तोंडच उघडत नाही, असं सर मला नुकतंच सांगून गेले होते.

"बाई," ती म्हणाली, "मले एक विचाराचं हाये."