विस्तव मागायला

खानापुरात आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती सुतार होते. चर्चमधली बाकं त्यांच्याच हातची. रंधा मारताना भजन म्हणायचे आणि लाकडात गाठ आली, की भजन थांबवून गाठीचीच समजूत काढायचे, "ऐक गं बये, एवढा ताठा बरा न्हवं."

त्यांचा लाडका कोंबडा शेजाऱ्यानं चोरून खाल्ला. पिसं त्याच्याच परसात सापडली. गल्लीनं त्याच्याशी बोलणं टाकलं; त्याच्या घरी कुणी विस्तव मागायलासुद्धा जाईना. सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो होतो मी, शाळामास्तर.

आठच दिवसांत सुतार फुटकं खापर घेऊन त्याच्या दारात उभे. "आप्पा, लाकडं चिकटवायचा सरस तापवायचाय. वाईच इस्तू दे की." शेजारी गांगरला. मग आत जाऊन त्यानं चुलीतले निखारे खापरात भरून आणले.

मी चिडून सुतारांना विचारलं, "माफ करायचं, तर तसं सांगायचं. वर मागायला कशाला गेलात?"

"गुरुजी, माफ केलं म्हणाय गेलो, की मी वर आन् त्यो खाली. मागाय गेलो, की मी खाली. आमच्या प्रभूनं शिष्यांचं पाय धुतलं, ते वाकूनच न्हवं?" असं म्हणून ते हसत कामाला लागले.

दुसऱ्या सकाळी मीही खापर घेऊन त्या दारात गेलो. "चूल पेटंना," म्हणालो.

शेजाऱ्यानं माझ्या खांद्यावरून पाहिलं. आमच्या कौलांतून चांगला भरघोस धूर निघत होता. तो खळखळून हसला आणि त्यानं खापर काठोकाठ भरून दिलं.