सोनेरी शिक्क्याचा कागद

अफगाणिस्तानातल्या पुल-ए-खुमरीच्या त्या गल्लीत मस्तूराचा तंदूर सगळ्यांचा होता. कणीक ज्याची त्याची, निखारे तिचे. परदेशी फौजा निघून गेल्या आणि तालिबान गावात शिरले, त्या सकाळी मात्र बायका कणीक न घेताच आल्या. ओढणीखाली कागद होते. कुणाच्या लेकीचं शिक्षिकेचं ओळखपत्र, कुणाच्या नवऱ्याचे परदेशी लोकांबरोबरचे फोटो.

"पेटव गं लवकर," शेजारची रहीमा खाला म्हणाली. "आज कागदाचेच नान भाजायचे."

मस्तूराचा एहसान चार वर्षं परदेशी तुकडीत दुभाष्या होता. तो पहाटेच मामाच्या मळ्यावर लपायला गेला होता. जाताना दारातून म्हणाला, "आई, कप्तानसाहेबांनी दिलेला कागद तेवढा ठेव. बाकी जाळ."

पेटीत दोन परदेशी कागद निघाले. मस्तूराला आपलीच अक्षरं येत नव्हती, तिथे ती कुठली यायला! एक साधा, चार ओळींचा, खाली पेनाने ओढलेली रेघोटी. दुसरा जाड, वेलबुट्टीची किनार, कोपऱ्यात सोनेरी शिक्का. तिच्या सासऱ्यांच्या जमिनीच्या कागदावर सात शिक्के होते; शिक्क्यावाचून कचेरीत कुणी विचारत नाही, हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती. तिने साधा कागद तंदुरात टाकला आणि शिक्क्याचा गादीत शिवून ठेवला. आठ महिने त्याच गादीवर झोपली.

आठ महिन्यांनी, भर दुपारी, एहसान आला. गालफडं बसली होती, डोळे मात्र चमकत होते.

"आई, परदेशी वकिलातीचं उत्तर आलं! कप्तानांचं मूळ पत्र दाखवलं की मला त्यांच्या देशात घेणार. काढ."

तिने अभिमानाने टाके उसवले. "बघ, शिक्क्याला ओरखडासुद्धा नाही."

एहसान कागदाकडे बघत राहिला.

"हे व्हॉलीबॉलचं आहे गं. छावणीत सामने झाले होते. आमचा संघ दुसरा आला."

"पण शिक्का आहे ना?"

"सगळ्यांनाच दिला होता. गोलंदाजासारखा हात फिरवणाऱ्या त्या आचाऱ्यालासुद्धा." तो हसला. हसता हसता भिंतीला टेकला.

पत्राचा फोटो ज्या फोनमध्ये होता, तो त्याने झडतीच्या भीतीने स्वतःच नदीत फेकला होता. कप्तानांना या आठ महिन्यांत तीन निरोप धाडले होते; एकालाही उत्तर नव्हतं.

"काय लिहिलं होतं रे त्यात?" तिने हळूच विचारलं.

"हा माणूस आमच्याबरोबर प्रत्येक रस्त्यावर चालला. जिवाला धोका आहे असं तो म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा."

"तुला पाठ आहे की! मग लिहून दे ना."

"आणि खालची सही?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने तिच्या हातावर हात ठेवला, पिठाच्या पोत्यांमागची जागा बघितली आणि म्हणाला, "अंधार पडेपर्यंत इथेच बसतो."

बाहेर रहीमा खालाची हाक आली, "मस्तूरा, कणीक आंबून चालली बाई!"

"आले, आले," मस्तूराने ओरडून सांगितलं. मग सुईत दोरा ओवला आणि तो सोनेरी शिक्क्याचा कागद पुन्हा गादीत ठेवून, बारीक, दाट टाके घालत शिवायला बसली.