कापलेली ज्या

मनोरच्या पुढे, डोंगराकडच्या शाळेत मी गणित शिकवते. मागच्या हिवाळ्यात बोईसरच्या एका मोठ्या शाळेत प्रदर्शन होतं. विषय, प्राचीन भारतीय गणित. माझी नववीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, बापाचं धनुष्य नेऊ?"

मला ते फार पटलं. आपल्या जुन्या गणितज्ञांना वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखाच दिसला होता. वक्र भाग तो चाप, दोरी ती ज्या, मधला बाण तो शर. ग्रीक अख्खी दोरी मोजत. आपल्या लोकांनी ती अर्धी घेतली. तीच आजची साइन. मुलगी हे सगळं धनुष्यावर बोट ठेवून दाखवणार होती.

गेटवर वॉचमनने अडवलं. "हथियार अंदर नहीं जाएगा." मी आयोजकांना बोलवायला आत गेले. आम्ही परत आलो तोवर त्याने दोरी कापून धनुष्य तिच्या हातात दिलं होतं.

"चला, तोडगा निघाला," आयोजक म्हणाले.

"बापाने कालच नवी दोरी लावली व्हती," ती हळूच म्हणाली. "आता ज्या कशी दाखवू?"

आत मंचावर पाहुणे सांगत होते की त्रिकोणमिती जगाला आपणच दिली. टाळ्या पडत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंडपवाल्याकडून सुतळी मागून आम्ही कशीबशी बांधली. परीक्षक आले, धनुष्य पाहून म्हणाले, "हे वारली चित्रांच्या टेबलावर ठेवा, छान दिसेल."

"सर, हे गणित हाय," ती म्हणाली आणि सांगू लागली. अर्ध्यातच ते पुढे निघाले. मी वाटेत उभी राहिले. "तिचं बोलणं संपलेलं नाही." मग त्यांनी ऐकलं, घड्याळाकडे बघत.

नंबर आला नाही. जाताना पाहुण्यांनी धनुष्य उचललं, सुतळी ताणून फोटो काढून घेतला आणि निघून गेले. तिला एक प्रश्नही विचारला नाही.

परतीच्या एसटीत ती सुतळीची गाठ सोडवत बसली. मग म्हणाली, "बाई, फोटोला मला बाजूला व्हायला सांगितलं."

यंदा पुन्हा आमंत्रण आलं. आधी दोरीबद्दल तिच्या वडिलांची माफी मागा, मग येऊ, असं मी कळवलं. उत्तर आलेलं नाही. आम्हीही गेलो नाही.