दोन मिनिटांची घंटा

आमच्या सेवा मंडळाची बैठक दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरते. सुरुवातीला प्रत्येकाने आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची, तीही दोन मिनिटांत. नाहीतर अध्यक्ष जोशीसाहेब टेबलावरची पितळी घंटा वाजवतात. पाहुणे म्हणून आलेल्या आमदारांनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

काल सुमनताई उठल्या. यजमान गेल्यापासून त्या नुसत्या येऊन बसायच्या. "गच्चीवरच्या जाईला कळ्या आल्यात," म्हणाल्या, आणि मग जाईवरून यजमानांवर, त्यांच्या पाणी घालायच्या तऱ्हेवर बोलतच राहिल्या. दोन मिनिटं केव्हाच उलटली. जोशीसाहेबांनी सवयीने घंटा उचलली. पण आतला लोलक त्यांनी दोन बोटांत घट्ट धरला होता, चुकूनही वाजू नये म्हणून.

आम्ही चष्मे वाटतो, रक्तदान शिबिरं घेतो, आणि खरं सांगायचं तर आमचं निम्मं लक्ष फोटोत असतं. या दोन बोटांचा फोटो कोणी काढला नाही, तेच बरं झालं.

शेवटी सुमनताईंनाच भान आलं. "अहो अध्यक्ष, वाजवा की घंटा! मी काय, बोलतच बसेन."

"बिघडलीय ती आज," जोशीसाहेब म्हणाले. "तुम्ही बोला."