न लावलेला फोन

अंगणात भाताचा पेंढा येऊन पडला, की त्या वासानं मला भातकापणीच्या दिवसांतली, आमच्या समाजमंदिरातली ती सकाळ आठवते आणि मान खाली जाते. सरकारी दवाखान्याची आशाताई फोनवर डोळे तपासायला आली होती. फोनवर फणीसारखी खूण यायची, फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत ते लांबून सांगायचं. डोळे अधू निघाले तर मुलगा मोटारसायकलची चावी काढून घेणार होता. म्हणून मी पहिल्या गड्याची उत्तरं ऐकून पाठच केली: वर, उजवीकडं, खाली, उजवीकडं, डावीकडं. मग बायको बसली. ती भलतंच सांगायला लागली, तसा मी सगळ्यांदेखत हसलो, "म्हणून तुझ्या भातात खडं येतात गं, आंधळे!" माझी पाळी आली. मी ताठ बसलो, एक डोळा झाकला आणि पाठ केलेलं धडाधड सांगून मोकळा झालो. आशाताई हळूच म्हणाली, "बाबा, फोन अजून लावलाच नाय मी, पडदा काळाच हाय. आणि आजीचं समदं बरोबर होतं, बाजू दर वेळी बदलते." सगळे हसले, बायको तेवढी हसली नाही. घरी जाताना ती दोन पावलं पुढं चालत स्वतःशीच पुटपुटत होती, "इथं दगड हाय गं बाई... इथं खड्डा हाय." त्याआधी वर्षभर ती असंच पुटपुटायची आणि मी तिला वेडी म्हणायचो; ते माझ्या पायांसाठी होतं, हे त्या दिवशी उमगलं. आता माझं ऑपरेशन झालंय, दगड लांबून दिसतो. ती मात्र अजून पुढं चालते आणि बोलते. "पुरे कर, मला दिसतंय," असं तिला म्हणायला मला तोंड उरलेलं नाही.