पेढ्याची जखम

आमच्या ह्यांना कधी सांगितलं नाही, आणि लेकींना तर नाहीच नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा ही एक गोष्ट बाजूला ठेवूनच हात जोडते. मग तुम्हाला काहून सांगून राहिली? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ओळखत असाल तर फार सरळ बाई म्हणून ओळखत असाल — आणि तेच आता मला सोसत नाही.

पण आधी उंदरांचं सांगते. हसू नका. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, हातावर बसून शेंगदाणा खाणारे. मी परकर नेसत होते त्या काळी आमच्या महाल भागातल्या घरी असे दोन होते, आणि त्यांच्यातलं मला जेवढं कळायचं तेवढं अख्ख्या नागपुरात कुणाला कळत नव्हतं. फुशारकी म्हणा हवं तर. खरं आहे ते खरं आहे.

ते आले गार्डकाकांमुळे. आमच्या पुढच्या खोलीतले भाडेकरू — रेल्वेत गार्ड, म्हणून गार्डकाका. बायको बाळंतपणात गेलेली, मागे एकटी मणी, सहा वर्षांची. काका गाडीवर गेले की मणी आमच्याकडेच जेवायची, माझ्याच अंथरुणात झोपायची, माझा परकर धरून घरभर फिरायची. ही माझ्या पोटची नाही हे मीच विसरून जाते, असं आई म्हणायची. एकदा काकांनी कलकत्त्याहून दोन उंदीर आणले, एक मणीला, एक मला. मणीचा पेढा. माझा सरदार. दोघं एकाच खोक्यात, पुढून जाळी ठोकलेल्या.

लहान होते तोवर गोडीगुलाबीनं राहिले. मोठे झाले आणि भांडायला लागले. घरातली सगळी घाबरली, मी नाही. मी बसून पाहायची. तासन् तास पाहायची. एक उताणा पडला आणि चीं चीं करतो आहे, तर खुशाल करू द्या, ते घरचं भांडण आहे, त्यात आपण पडायचं नाही. पण केस पिंजारून दोघं आडवे आडवे चालायला लागले आणि आवाज बंद झाला, की धावा! हात घालायचा नाही, बोट जाईल. मध्ये सूप सरकवायचं. लपायला मडकं दिलं तर त्याला दोन तोंडं पाडायची, म्हणजे कुणी कोंडीत सापडत नाही. खाणं दोन जागी. जखम झाली तर उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, वरून हळद, आणि खपली पडेपर्यंत दोघं वेगळे. परत एकत्र आणायचे तर आधी दोघांच्या बिछान्याच्या गवताची अदलाबदल करायची, मग जाळीच्या दोन बाजूंना जेवू घालायचं, मग रिकाम्या घंगाळात सोडायचं — कारण घंगाळ कुणाच्याच मालकीचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी शोधलं होतं. आजही कुणी उंदीर पाळत असेल तर त्यानं असंच करावं.

पाहा — इतकं सगळं येत होतं मला. म्हणून तर पुढचं सांगायला जीभ अडते.

त्या थंडीत इतवारीकडे गाठीचा ताप सुरू झाला. प्लेग. आधी घराघरांत उंदीर पडायचे, मग माणसं. बाबा म्हणाले, खोकं आजच्या आज बाहेर. गार्डकाकांनी हात जोडले, हे कधी जमिनीला लागले नाहीत, बाहेरच्या उंदराचं तोंड पाहिलं नाही, लेकराचा जीव आहे त्यांच्यात. बाबा एवढंच बोलले, "ठीक आहे. पण एक जरी पडला ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही." हे सगळ्या घरानं ऐकलं. मीही ऐकलं. मीही — हे लक्षात असू द्या.

तेव्हा दोघं वेगळे होते. सरदारनं पेढ्याच्या पाठीवर चावा घेतला होता, लहानसाच, आणि मी खोक्यात मधोमध जाळी घातली होती. खपली अजून ओली होती. अशात सीताबर्डीहून आत्याच्या मुली आल्या. त्यांच्यापुढे मी कधीतरी बढाई मारली होती की माझे उंदीर एका ताटलीत जेवतात, मी सांगितलं तसं वागतात. त्या म्हणाल्या, दाखव बरं. मी काय करायला हवं होतं? जखम आहे, पुढच्या खेपेला दाखवते, एवढं म्हणायचं. त्यात काय जात होतं माझं? पण नाही. मी मधली जाळी काढली. घंगाळ नाही, गवत बदललं नाही, काही नाही. पेढ्याला सरळ सरदारच्या घरात सोडलं आणि मध्ये ताटली ठेवली.

दोघांचे केस पिंजारले. आडवे आडवे चालायला लागले. आवाज बंद झाला.

मला कळलं नाही असं नाही हो. मला सगळ्यांच्या आधी कळलं. सूप हाताशी होतं. पण सूप घातलं असतं तर आत्याच्या मुली हसल्या असत्या ना! म्हणून मी बसून राहिले. सरदारनं त्याच्या कुशीत दात रोवले. मुलींना वाटलं खेळून राहिले, त्या टाळ्या पिटत होत्या. मग आईनं चिवडा खायला हाक मारली आणि त्या आत पळाल्या. मणी नाही गेली. मणीनं सगळं पाहिलं, रक्तसुद्धा. मी पेढ्याला धुतलं, हळद लावली, त्याच्या मडक्यात कापसावर ठेवलं, आणि मणीला सांगितलं — कुणाला बोललीस तर मी तुझ्याशी कट्टी, कायमची.

वाचला असता तो. वरून कातडी लवकर मिटली आणि आत पू धरला. असं झालं की काय करायचं तेही मला येत होतं, कोमट पाण्यानं शेकायचं, तोंड उघडं ठेवायचं, रोज पू काढायचा. सरदारच्या कानाला असंच झालं होतं आणि मी तो बरा केला होता. पण शेकायला गरम पाणी हवं. ते चुलीवरून आईकडे मागावं लागणार. आई विचारणार कशाला, आणि मग माझी शिस्त कशी मोडली ते सगळं बाहेर येणार. मी पाणी मागितलं नाही. रोज मडक्यात डोकावायची, कुशीवर गोटी वाढत होती ती पाहायची, आणि कापूस सारखा करून उठायची. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी भ्याडपणा म्हणते. क्रूरपणा म्हणालात तरी नाही म्हणणार नाही.

एके सकाळी तो मेलेला होता. आई झाडू घेऊन पडवीत आली आणि जागीच थबकली.

"अवं, काय झालं त्याले?"

सरदारनं चावलं. एवढंच म्हणायचं होतं. फार तर दोन धपाटे बसले असते, चार दिवस आत्याच्या मुलींनी चिडवलं असतं. प्लेगाच्या दिवसांत उंदीर 'पडला' म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मी म्हणाले, "पडला. काल चांगला खेळत होता. आपोआप पडला."

झालं! आईच्या हातातला झाडू पडला. बाबांनी तिथल्या तिथे बैलगाडी सांगायला माणूस पाठवला. बेसा गावाकडे बाबांच्या ओळखीच्यांची बाग होती, तिथे झोपड्या घातलेल्या होत्याच. भांडी, गाठोडी, देव, सगळं अंगणात आलं. दुपारी गार्डकाका गाडीवरून उतरून आले ते या धावपळीत. काय झालं ते ऐकून पायरीवर बसले. मग मला जवळ बोलावलं. माझ्यावर फार विश्वास त्यांचा. उंदरांचं काहीही असलं की मलाच विचारायचे.

"खरं सांग वं पोरी, त्याले कुठं लागलं होतं काय?"

सगळे उभे होते. मी बोलायच्या आधी मणी बोलली, "त्याले सरदारनं चावलं, बाबा. मी पाह्यलं ना! लय रक्त आलं होतं." काकांच्या चेहऱ्यावर उजेड आला. तो चेहरा मी विसरले नाही. त्या एका वाक्यावर त्यांचं घर टिकणार होतं — लेकीचं जेवण, लेकीचं अंथरूण, सगळंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही काका," मी म्हणाले. "हल्ली ते भांडतच नव्हते. एका ताटलीत जेवायचे. मणी उगाच बोलून राहिली."

मेलेल्या पेढ्याला कुणी काडीनं जरी उलटवलं असतं तरी कुशीवरची जखम दिसली असती. पण प्लेगाच्या उंदराला हात कोण लावणार? ते मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी बोलले.

काकांनी मणीच्या थोबाडीत मारली. त्या माणसानं त्याआधी लेकीवर बोटही उचललं नव्हतं. "ताई खोटं बोलते काय वं? तू खोटी!" मणी रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मी आत जाऊन गाठोडं बांधायला लागले.

मडकं, खोकं, जिवंत सरदार, सगळ्यावर घासलेट ओतून काडी लावली. मी पाठ फिरवून उभी होते. बाबा काकांना म्हणाले, "माझ्या घरात लेकरंबाळं आहेत, गार्डसाहेब. तुमची सोय तुम्ही पाहा." काकांना रेल्वेच्या चाळीत एका ओळखीच्याकडे कोपरा मिळाला, आणि मणीला त्यांनी बहिणीकडे रायपूरला पाठवून दिलं.

आणि पुढे काय झालं माहीत आहे? आम्ही बागेत असताना आमच्या गल्लीत खरोखरच प्लेग आला. शेजारची माणसं गेली. आम्ही सगळे धडधाकट परतलो. मग काय! हिनं वेळेवर सांगितलं म्हणून घर वाचलं — आई हे शेजारणींना सांगायची, आत्या सांगायची, लग्नाच्या बोलणीत बाबांनी सासऱ्यांना सांगितलं. सासरी पाऊल टाकलं तेच घर वाचवणारी मुलगी म्हणून. मला संकोच वाटायचा, असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही वाटला. पहिली कित्येक वर्षं मला ते आवडायचं.

मणी आता आतापर्यंत परत भेटली नाही. गेल्या संक्रांतीला धंतोलीत माझ्या दारात एक बाई उभी राहिली, कडेवर मूल, केस पिकायला लागलेले. तिनं ओळख सांगितली. मी आत बोलावलं, तिळगूळ दिला. गार्डकाका कधीच वारले होते. ती इकडचं तिकडचं बोलली, आणि मग मूल खाली ठेवून म्हणाली —

"ताई, एक मनात राहून गेलं. लहानपणी मी तुमच्यावर आळ घेतला होता. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, तू खोटं बोललीस म्हणून त्या घरानं आपल्याला परत घेतलं नाही. मले तर आजही वाटते की मी ते पाह्यलं होतं. पण तुम्ही काहून खोटं बोलाल? माह्यातच काही तरी खोट असंन. माफ करा मले."

आणि ती वाकली. माझ्या पायावर डोकं ठेवलं तिनं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. कुणी ऐकणार नव्हतं, कुणी हसणार नव्हतं, बाबा नव्हते, आई नव्हती. तिला उठवायचं आणि एक वाक्य बोलायचं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अवं, लहान होतीस तू," मी म्हणाले. "मी केव्हाच विसरली." मी तिला कुंकू लावलं, तिची ओटी भरली. डोळे पुसत ती म्हणाली, आता हलकं वाटते ताई, आणि मुलाला उचलून निघून गेली.