बाईंच्या हाताखालची डोकी

टक्कल पडायला माणसाला वर्षं लागतात. मी ते काम एका सकाळी उरकलं. केस कापायचं यंत्र फिरवण्याआधी त्याला दातेरी टोपी बसवायची असते, हे मला ते मानेपासून टाळूपर्यंत जाऊन आल्यावर कळलं. बायको आधी मनसोक्त हसली, मग म्हणाली, "आता बाईंकडेच जा."

बाईंचं केस कापायचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मला पाठमोरा बसवून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि हाक दिली, "बाबा, या बघायला! यांनी गवत समजून कापलंय."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांचे वडील काठी टेकत आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "आमची खरोखर डोक्यावर पडलेली आहे, पण असला उद्योग तिनंही कधी केला नाही."

ही थट्टा नव्हे. लहानपणी एका मोठ्या दुकानात बाई सामानाच्या ट्रॉलीत उभ्या राहिल्या, फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे झेपावल्या आणि डब्यासकट फरशीवर आपटल्या. टाके निघाले, पोरगी खेळायला लागली, घरच्यांना वाटलं, सुटलो. बाकीचं हळूहळू बाहेर आलं. डावा कान गेला. वाकलं की भोवळ, झगझगीत उजेडात डोकं ठणकायचं. आणि नावं टिकेनात. माणसाचा चेहरा, त्याची दुखणी, त्याच्या सासूचा स्वभाव सगळं बाईंच्या लक्षात राहतं; नाव मात्र ऐकलं की सांडलं. मैत्रिणींना 'ए, तू' म्हणतात म्हणून शाळेत त्या शिष्ट ठरल्या. लग्नात तेवढी सोय झाली. नवऱ्याला 'अहो' म्हटलं की भागतं.

अशा डोक्याच्या बाईनं धंदा निवडला तोही डोक्यांचाच! दुकान त्यांनी आपल्या तब्येतीला मानवेल असं मांडलंय. दिवे मंद. खुर्ची उंच, म्हणजे वाकायला नको. केस वाळवायचं ते घोंगावणारं यंत्र नाहीच. टॉवेल आणि गप्पा. बोलायचं ते उजव्या बाजूनं. नावांची अडचण बाईंनी केसांवर भागवलीय. "या, दोन भोवरे!" "बसा, कोंडेसाहेब!" कोंडेसाहेब बँकेत मॅनेजर आहेत. ते तोंडदेखले रागावतात आणि दर महिन्याला येतात.

त्या दिवशी मात्र बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्षभर दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी काही मुलींना कात्री धरायला शिकवलं होतं. संध्याकाळी शाळेच्या सभागृहात त्यांना प्रमाणपत्रं द्यायची होती, एकेकीचं नाव पुकारून. कागदावरून वाचावं, तर स्टेजच्या दिव्यांत अक्षरं नाचणार.

"मी पुकारतो की," बाबा म्हणाले.

"तुम्ही शिकवलंत का त्यांना?"

"अगं, पण एखादीचं चुकलं तर?"

"तेच तर!" बाईंची कात्री माझ्या कानाशी थांबली. "घरचे सगळे येणार. वर्षभर राबली पोर, आणि तिच्या आईसमोर मी तिला भलत्याच नावानं हाक मारू?"

संध्याकाळी पहिली मुलगी स्टेजवर आली. बाईंनी माइक धरला, तोंड उघडलं आणि थांबल्या. पुढच्या रांगेत बाबा अर्धवट उठले. बाईंनी त्यांना हातानंच बसवलं आणि तो हात मुलीच्या डोक्यावर ठेवला.

"लहानपणी पडले, तेव्हापासून माझ्या डोक्यात नावं राहत नाहीत," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "कुणाचा हात कसा चालतो ते विचारा, झोपेतून उठून सांगेन. हिची कात्री माझ्यापेक्षा सरळ चालते. पोरी, तुझं नाव तूच सांग."

मुलगी काहीतरी पुटपुटली.

"मला एकच कान आहे. मोठ्यानं!"

मुलीनं नाव सांगितलं. सगळं सभागृह हसलं आणि मागच्या रांगेतून तिच्या आईनं शिट्टी मारली. मग काय, चढाओढच लागली. कुणाचा वस्तरा हलका, कुणाच्या हाताखाली तान्हं मूलही रडत नाही. बाई एकेकीचं सांगत आणि माइक पुढे करत. शेवटचीनं आडनावासकट असं ओरडून सांगितलं, की माइक किंचाळला. बाईंनी डोकं गच्च धरलं, पण हसत होत्या. बाबा तर जो दिसेल त्याला सांगत सुटले होते, "ती माझी मुलगी."

कार्यक्रम संपल्यावर बाई बाहेर अंधाऱ्या पायरीवर, कपाळावर ओला रुमाल धरून बसल्या होत्या. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो. म्हटलं, "बाई, आज मला तुमच्या मुलींचा फार अभिमान वाटला."

"तुम्हाला कशाला? पोरी माझ्या आहेत."